एक माप वर

जयवंत परबला कानडे चाळीत सगळे इंजिनियर म्हणत आणि तो म्हणू देत असे. खरं तर तो दहावी पास आणि वर आयटीआयचा फिटर. पण लालबागेत शेगडी दुरुस्त करतो तो मिस्त्री आणि भट्टी बसवतो तो इंजिनियर, असा सोपा न्याय आहे, आणि जयवंत गेली पंचवीस वर्षं भट्ट्याच बसवत होता. रे रोडला गरम हवेची यंत्रं बनवणारा एक छोटा कारखाना आहे. कुणाला रंगवलेले पत्रे वाळवायचे असतात, कुणाला पुठ्ठे, कुणाला शेवया. त्यांना किती हवा लागेल, ती किती तापवावी लागेल आणि त्यासाठी गॅसचा कोणता बर्नर घ्यावा, हे ठरवणं जयवंतचं काम. सत्तावन्न वर्षांचा हा माणूस भट्टीच्या काचेला डोळा लावून उभा राहिला की मालकसुद्धा बोलणं थांबवत.

ही विद्या त्याला गिरणीने दिली. विसाव्या वर्षी तो प्रोसेस खात्यात लागला. तिथे स्टेंटर नावाचं लांबलचक यंत्र होतं. रंगवलेलं ओलं कापड दोन्ही कडांनी ताणून धरायचं आणि गरम हवेतून पुढे न्यायचं, एवढंच त्याचं काम. हवा तापवायला गॅसचे बर्नर, आणि त्या बर्नरांचे राजे बाबुराव जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम. बाबुरावांनी जयवंतला ज्योतीचा रंग बघायला शिकवलं, आवाज ऐकायला शिकवलं आणि जाता जाता एक मंत्रही दिला. ‘हिशेब येईल त्याच्या एक माप वर घ्यायचं. कमी पडलं तर साहेब शिव्या घालतो. जास्त झालं तर कोण विचारतो?’

गिरणीत हा मंत्र खरा होता. कापड कायम ओलं, यंत्र तिन्ही पाळ्या चालू आणि बर्नर कायम पूर्ण आगीवर. मंद आच कशाशी खातात हे त्या बर्नरांना ठाऊकच नव्हतं. पुढे गिरणी बंद पडली, बाबुराव गावी गेले आणि तिथेच वारले, पण मंत्र जयवंतच्या अंगात मुरून राहिला. पुठ्ठेवाल्यांकडे, पत्रेवाल्यांकडे तो चाललाही. माणसाचं नशीब बलवत्तर असलं की त्याच्या चुकांनाही अक्कल म्हणतात.

शेवंताकाकी त्याच्याकडे आली ती शिमग्याच्या आधी. काकी खालच्या मजल्यावरची, एकाहत्तर वर्षांची, मूळची मालवणकडची. नवरा गिरण्यांच्या संपात घरी बसला तेव्हापासून ती मसाला करत होती. आता तिच्या हाताखाली सहा बायका होत्या आणि चाळीला लागूनच एक गाळा होता. मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल, एकेक जिन्नस मोठ्या कढईत भाजायचा, मग डंकावर कुटून घ्यायचा. कुटणारे लालबागेत पैशाला पासरी. भाजणारी एकच. धणे कधी उतरवायचे हे काकी डोळ्यांनी बघत नसे, घड्याळाने तर नाहीच नाही. कढईवर जरा वाकायची, श्वास घ्यायची आणि म्हणायची, “उतरा.” त्या एका शब्दावर परळपासून माहीमपर्यंतच्या दोनशे घरांचं वर्षाचं कालवण ठरायचं.

“जयवंता, मिरचेक ऊनच गावणा नाय रे,” काकी त्याच्या दारात बसून म्हणाली. करी रोडच्या बाजूला नवा टॉवर उभा राहिला होता आणि चाळीच्या गच्चीवर दुपारी बारानंतर सावली पडत होती. मिरचीला दोन दिवस कडक ऊन दाखवल्याशिवाय ती कुटायला कुरकुरीत होत नाही. “तुझ्या कारखान्यात गरम हवा करतत मा? मगे माका एक कपाटभर ऊन करून दी.”

जयवंत हसला. चाळीचं काम, काकीचं काम. त्याची आई कामावर जायची तेव्हा याच काकीने त्याला जेवू घातलं होतं. “काकी, असं ऊन देतो की टॉवरवाले बघत राहतील,” तो म्हणाला.

कारखान्यात हिशेब केला श्रेयाने. श्रेया गिरगावची, इंजिनियरिंग झालेली, दोन वर्षांपूर्वी लागलेली. खऱ्या अर्थाने इंजिनियर तीच, पण हे कुणी मोठ्याने म्हणत नसे. काम तिने नीट केलं. गाळा मोजून आली, पुरवठ्याच्या पाइपमध्ये गॅसचा दाब किती आहे ते बघून आली, काकीकडून विचारून घेतलं की मिरचीला किती गरम चालतं. पासष्ट अंशांच्या वर नाही, रंग उडतो. मग कागदावर मांडलं. तासाला अडीच हजार घनमीटर हवा, तीस अंशांवरून पासष्टवर न्यायची, पत्र्यातून उष्णता बाहेर जाते ती वेगळी धरायची. सगळं मिळून अठ्ठावीस हजार किलोकॅलरी.

“पस्तीस हजाराचा बर्नर पुरेल,” श्रेया म्हणाली. “काका, मला खरं तर आग वेगळी आणि हवा वेगळी ठेवायची होती. आग नळ्यांच्या आत, हवा बाहेरून. खायची वस्तू आहे. पण तेवढी जागाच नाही गाळ्यात. मग ज्योत थेट हवेतच ठेवावी लागेल. चालतं, पण ज्योत कायम निळी पाहिजे.”

“गॅस स्वच्छच असतो गं. घरी आपण पोळी नाही का भाजत त्यावर?” जयवंतने कागद पुढे ओढला. पस्तीसवर काट मारली आणि साठ लिहिलं. “एक माप वर.”

“काका, साठचा नको. सुरुवातीला हवा थंड असते तेव्हाच अठ्ठावीस लागतात. कपाट तापलं की तीच हवा परत परत फिरते, मग सात हजारांत भागतं. पस्तीसवाला बर्नर सातपर्यंत खाली येतो. साठवाला पंधराच्या खाली नीट जळत नाही.”

हिशेब तर बिनचूक होता, पण तो चार कामगारांसमोर आणि मालकांसमोर सांगितला होता. जयवंतचं डोकं फिरलं. “पोरी,” तो म्हणाला, “तू पुस्तक वाचलंस ना तेव्हा मी आगीसमोर उभा होतो. कमी पडलं तर तिथल्या बायका तुला नाही शोधत येणार, मला येणार.” कामगार हसले. मालक म्हणाले, परब म्हणतात तर साठ घ्या. श्रेयाने कागदाची घडी घालून फाइलीत ठेवली. जयवंत जे बोलला त्यालाच उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात. पण त्या दिवशी जयवंत खुशीत घरी गेला.

होळीनंतरच्या सोमवारी यंत्र सुरू झालं. नारळ फुटला. बायकांनी जयवंतला शाल घातली. काकीने स्वतःच्या हाताने, पोटच्या पोराला लावावा तसा गुलाल लावला आणि ती म्हणाली, “माझो झील असतो तर ह्याच्यापेक्षा काय वेगळा केल्यान असता?” जयवंत चार शब्द बोलला. त्यात ‘तंत्रज्ञान’ हा शब्द तीनदा आला.

तिसऱ्या दिवशी कमलचा फोन. कमल म्हणजे काकीच्या हाताखालची सगळ्यात जुनी बाई. “भाऊ, भट्टी सारखी बंद पडते नि परत लागते. लागताना भप्प करून आवाज होतो. बायका घाबरतात.”

जयवंत गेला आणि एका मिनिटात ओळखलं. कपाट तापलं की एवढ्या मोठ्या बर्नरला काम उरत नव्हतं. तो विझे, हवा निवे, तो पुन्हा पेटे. श्रेयाने सांगितलं होतं तंतोतंत तसं. मोठ्या शेगडीवर वाटीभर दूध तापवायला ठेवावं तसला प्रकार झाला होता. त्याच क्षणी कारखान्यात जाऊन ‘चुकलं’ म्हणाला असता तर काम संपलं असतं. दोन दिवस बायका थांबल्या असत्या, बर्नर बदलला असता, श्रेया मनातल्या मनात हसली असती. तेवढंच. पण शालीची घडी अजून मोडली नव्हती.

मंद आचेसाठी बर्नरला एक स्क्रू असतो. त्यावर बनवणाऱ्याने लाल खूण केलेली असते, याच्या खाली नेऊ नये म्हणून. जयवंतने तो खुणेच्या खाली दीड फेरा नेला. बर्नर विझायचा थांबला. तापमान पासष्टवर स्थिर झालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. जयवंतने काचेला डोळा लावला. निळ्या ज्योतीच्या टोकाला पिवळी जीभ आली होती, आळसावलेली, हलणारी. पिवळी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही, हे बाबुरावांनी त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. अर्धवट जळलेल्या गॅसचा वास हवेत जाणार, हवा मिरचीत जाणार. हे सगळं त्याला उभ्याउभ्या कळलं. त्याने काचेवरचं झाकण लावलं आणि चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी काकीने त्याला जिन्यात गाठलं. “जयवंता, मिरचेक वास येता रे. रॉकेलासारखो. लय बारीक, पण येता.”

“नवीन पत्रा आहे काकी. रंगाचा वास. आठ दिवसांत जाईल.”

आठ दिवसांनी काकी पुन्हा आली. या वेळी ती हळू बोलत होती, कुणी ऐकू नये म्हणून. “अजून येता. बाकीच्यांका येणा नाय. माकाच येता.”

इथे जयवंत जे बोलला ते त्याला पुढे कितीतरी वेळा आठवलं. “काकी,” तो म्हणाला, “करोनात तुमचा वास महिनाभर गेला होता ना? तो कधीकधी असा वाकडा परत येतो. नसलेले वास येतात. शिवाय वय पण झालं आता.” आणि वर हसलाही.

काकी हसली नाही. तिने आपल्या नाकाला हात लावला, कुणी मुका मार लागलेल्या जागी लावतो तसा. “असात,” ती म्हणाली. “तू शिकलेलो. तुका कळता.” आणि खाली उतरून गेली.

मिरचीत बारीक वाटणारा वास कुटून, डब्यात भरून, पंधरा दिवस राहिला की मोठा होतो. एप्रिलच्या मध्यावर माहीमच्या एका बाईने डबा परत आणला. मग दादरहून दोन आले. मग चाळीतच कुजबुज सुरू झाली. बायका यंत्राला नावं ठेवत नव्हत्या, यंत्र तर इंजिनियरने बसवलेलं. त्या म्हणत, काकीने जुनी मिरची घेतली असेल. काकीला आता कळत नाही. वासच येत नाही म्हणे तिला.

जयवंतच्या घरीही तोच मसाला. बायको सुचित्राने एका रविवारी सुरमईचं कालवण केलं, पहिला घास घेतला आणि थांबली. “अहो, तुम्हाला नाही लागत काही?”

“काय?”

“वास. स्टोव्हचा असतो तसा.” तिने वाटी बाजूला सारली. “बिचारी काकी. इतकी वर्षं केलं, आता होत नाही हो तिच्याने. कुणीतरी सांगायला हवं.”

जयवंतने मान खाली घालून ते कालवण संपवलं. सुचित्राची वाटीही त्याने संपवली. तिला वाटलं, याला काकीचा केवढा कळवळा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण मेलेला माणूस निदान खोटं तरी बोलत नाही.

शेवटी शोध लावला श्रेयानेच. नव्या यंत्राची महिन्याने तपासणी करायची कारखान्याची पद्धत. ती एका शनिवारी दुपारी, बायका जेवायला गेल्या असताना, धूर मोजायचं मीटर घेऊन आली. जयवंत सोबत होता, येणं भागच होतं. कपाटाची हवा बाहेर नेणाऱ्या पाइपमध्ये तिने नळी घातली, आकडा बघितला, पुन्हा बघितला. मग काचेतून पाहिलं. मग वाकून स्क्रू पाहिला. चोराच्या मनात चांदणं असतं. जयवंत तिच्या पाठीकडे न बघता मिरचीच्या पोत्यांवरची नावं वाचत उभा होता.

“काका, हा स्क्रू कुणी फिरवला?”

पोत्यावर ‘बेडगी’ लिहिलं होतं. त्याने ते पुन्हा एकदा वाचलं. “मी,” तो म्हणाला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मीटर बंद केलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, “हवा बाहेर जातेय म्हणून ठीक. हाच धूर गाळ्यात भरला असता तर त्या बायका चक्कर येऊन पडल्या असत्या. पस्तीसवाला आहे कारखान्यात. उद्या रविवार आहे, आपण दोघं बदलून टाकू. मालकांना मी सांगते माप बदललं म्हणून. तुमचं नाव नाही घेत.” मग जरा थांबून, “पण काकींना तुम्ही सांगाल ना?”

“सांगतो. मीच सांगतो.”

रविवारी त्यांनी बर्नर बदलला. दोन तासांचं काम. ज्योत निळी, टोकापर्यंत निळी, मंद केली तरी निळी. कपाट, पाइप, ट्रे, सगळं पुसून घेतलं. श्रेया निघाली तेव्हा म्हणाली, “आज सांगून टाका.” काकीचं दार उघडं होतं. आत ती भिंतीला टेकून बसलेली दिसत होती. जयवंत दारावरून पुढे गेला. उद्या सांगू, तो स्वतःला म्हणाला. उद्या मसाला चांगला झाला की सांगू, म्हणजे आनंदात निघून जाईल.

त्याला ठाऊक नव्हतं ते असं, की शनिवारी संध्याकाळी काकीने कालथा कमलच्या हातात दिला होता. सगळ्या बायकांना बसवून तिने सांगितलं होतं, माझा नाक गेला, आता तुम्ही बघा. कमल रडली होती. काकी रडली नव्हती.

सोमवारी कमलने भाजलं. मिरची स्वच्छ, कोरडी, कुरकुरीत होती. मसाला डंकावरून आला तेव्हा जिन्यापर्यंत दरवळ सुटला. आठवड्यात डबे परत येणं थांबलं. ज्यांनी परत केले होते त्यांना नवे दिले. दोन अधिक दोन चार हे चाळीला कुणी शिकवावं लागत नाही. काकी भाजत होती तोवर वास मारत होता, काकी उठली, वास गेला. आता कुजबुजायचीही गरज राहिली नाही. लोक उघड बोलू लागले, आणि दया करत बोलू लागले, ते जास्त वाईट.

कमलने पेढे वाटले. जयवंतच्या हातावर ठेवत म्हणाली, “भाऊ, तुमच्या मशीनवर मनातल्या मनात उगाच संशय घेत होतो आम्ही.” सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडलं, आणि त्यात पेढा घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. जयवंतच्या मुठीत काय होतं ते त्याचं त्याला माहीत.

रोज सकाळी कामावर जाताना तो काकीच्या दारावरून जायचा. आधी तो हाक मारायचा, ‘काकी, येतो.’ आता चपला हातात घेऊन जावं असं वाटायचं. कारखान्यात श्रेया काही विचारत नसे. एकदाच तिने नुसतं बघितलं, आणि त्याने हातातली फाइल उगाच उलटी-सुलटी केली. रागावायलाही त्याच्याकडे कुणी नव्हतं. मग तो बाबुरावांवर रागावला. त्या मेलेल्या माणसाने काय बिघडवलं होतं? मंत्र बाबुरावांचा होता. स्क्रू मात्र याने स्वतःच्या हाताने फिरवला होता.

मे महिन्यात एके सकाळी तो दाढी करत असताना काकी दारात आली. हातात ताटली, ताटलीत चार बांगडे. ती सुचित्राला शोधत होती.

“गो सुचित्रा,” ती म्हणाली, “हे बांगडे जरा बघ. ताजे आसत मा? माका काय समजणा नाय.”

सुचित्राने एक बांगडा उचलून वास घेतला. “ताजे आहेत काकी. एकदम ताजे.”

“नक्की मा? नातू येतलो जेवक. त्येका बाधूक नको.” आणि तिने तो बांगडा परत ताटलीत ठेवला, पुन्हा विचारलं, “नक्की?”

मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलेली बाई. लालबागच्या मासळी बाजारात कोळणी तिच्यासमोर टोपली उघडायला दचकत, नुसती येताना दिसली तरी कालचे मासे खाली सारत. ती बाई दुसऱ्याच्या दारात ताटली घेऊन विचारत होती, हे खाऊ का म्हणून. जयवंतच्या गालावर अर्धा साबण तसाच होता. त्याने वस्तरा ठेवला आणि तसाच तिच्यामागे खाली गेला.

“काकी, थांबा.”

“काय रे? तोंड तरी धू.”

“काकी, तुमचं नाक चांगलं आहे. वास खरा होता. मी बर्नर चुकीचा लावला. मोठा लावला. मग लपवायला त्याचा स्क्रू फिरवला. तो वास गॅसचाच होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.” हे सगळं तो एका श्वासात बोलला, मग पुढे म्हणाला, “तुम्ही कालथा सोडलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, श्रेयाने आणि मी बदलला तो. म्हणून वास गेला. कमलमुळे नाही. तुमच्यामुळे आला नव्हता, कमलमुळे गेला नाही.”

काकीने ताटली ओट्यावर ठेवली. पदराला हात पुसले.

“पयल्या दिवसाक माका बरोबर वास इलो होतो,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, जणू कुठेतरी ठेवलेली वस्तू ती आठवून काढत होती. “मी तुका विचारलंय. तू म्हणालंस रंगाचो. मगे परत इलो, परत तुका विचारलंय. तू म्हणालंस नाक वाकडा झाला. मी म्हटलंय, जयवंता कित्याक खोटा सांगात? म्हणान मी माझ्या नाकाक खोटा पाडलंय.”

जयवंत तिच्या पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले. “माझ्या पाया नको. थंय चल. त्यांका सांग.”

गाळ्यात सहा बायका कामाला लागल्या होत्या. कमल कढईवर होती. गालावर सुकलेला साबण घेऊन जयवंत मध्ये उभा राहिला आणि त्याने पुन्हा सगळं सांगितलं. साठ हजार, पस्तीस हजार, स्क्रू, लाल खूण, रंगाच्या वासाची थाप, करोनाची थाप. एका बाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

“पेढा खाल्लात तुम्ही,” कमल म्हणाली. “माझ्या हातचा. तेव्हा नाही सांगावंसं वाटलं?”

“वाटलं.”

“मग?”

“लाज वाटली.”

“आता नाही वाटत?”

कमलने त्याच्याकडे पाठ केली, काकीपुढे गेली आणि कालथा दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरला. “या काकी. तुमची जागा आहे.” बाकीच्या बायका डोळे पुसू लागल्या. जयवंतलाही वाटलं, सुटलो. लाज तर जन्मभर राहील, पण निदान काकीचं काकीला परत मिळालं.

काकी कढईजवळ उभी राहिली. आत पाच किलो धणे होते. तिने दोन-तीनदा खालून वर केले, हात जुनाच, सवयीचा. धण्यांचा रंग बदलायला लागला. ती कढईवर वाकली, श्वास घेतला. बायका तिच्या शब्दाची वाट बघत होत्या. ती सरळ झाली. पुन्हा वाकली, पुन्हा श्वास घेतला. वास येत होता, पण तिला तो खरा धरवेना. मग तिने मान वळवून जयवंतकडे बघितलं.

“झाले काय रे?” तिने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. आजवर त्याने तेच केलं होतं, तिच्या नाकाला काय कळतं ते आपणच ठरवलं होतं. “काकी, मला त्यातलं काही कळत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही सांगा. तुम्हालाच कळतं.”

काकीने कमलकडे बघितलं. कमलने मान खाली घातली. काकीसमोर ‘उतरा’ म्हणायचं तिला होईना. मग काकी पुन्हा जयवंतकडे वळली. हातात कालथा तसाच, ओठ किंचित उघडे, तो शब्द तोंडाशी येऊन थांबलेला. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि कढईतले धणे करपायला लागले.